लॅपटॉपवरून म्युझिक स्ट्रीमरवर जाताना: काय घ्यायचं, कसं जोडायचं, गाणी कशी लावून घ्यायची

रात्री साडेदहाला ख्याल लावलाय, आलापी अजून गंधारापाशीच रेंगाळतेय, ठेका नुकता कुठे जमलाय, आणि स्पीकरमधून एकदम 'टुंग'. कुणाचा तरी मेल. माझ्याकडे सात वर्षं असंच चाललं होतं. लॅपटॉप, त्याला यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारी डबी), पुढे ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. आवाज चांगला होता, खरंच चांगला होता, पण गाणं ऐकायचं म्हणजे आधी लॅपटॉप ऑफिसच्या बॅगेतून काढा, चार्जर शोधा, केबल खोचा, आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून येतोय का डॅकमधून ते बघा, आणि मग मध्येच अपडेटसाठी रिस्टार्ट. कंटाळा आला की त्या दिवशी गाणंच नाही. हे बदलायचं म्हणून स्ट्रीमरकडे, म्हणजे इंटरनेटवरची किंवा डिस्कवरची गाणी स्वतःच वाजवणाऱ्या छोट्या पेटीकडे वळलो, आणि त्यात जे जे शिकलो ते सगळं इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. नुसता स्ट्रीमर आणल्याने आवाज काही दुप्पट चांगला होत नाही. लॅपटॉपची सेटिंग्ज नीट असतील आणि डॅक धड असेल तर डॅककडे जाणारे आकडे तेच असतात, मग पाठवणारा कुणी का असेना. आवाज बदलायचा असेल तर पैसे स्पीकरवर घाला, खोलीत एखादा जाड गालिचा आणि पडदे घाला, फरक लगेच कळेल. स्ट्रीमरने बदलतं ते आपलं ऐकणं. सोफ्यावर बसलं की दहा सेकंदात गाणं सुरू होतं, त्यामुळे रोज ऐकलं जातं. माझ्या मते पैसे याच्यासाठी द्यावेत.

खर्च करण्याआधी: लॅपटॉपचं दुखणं नेमकं काय आहे

काही दुखणी फुकटात बरी होतात, म्हणून आधी हे तपासा. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तो मिक्सर एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) चालतो. तो ४८ किलोहर्ट्झवर असेल तर सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं गाणं आधी ४८ मध्ये बदललं जातं आणि मग डॅककडे जातं. फूबारसारख्या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह मोड (प्लेअर डॅक एकट्याच्या ताब्यात घेतो ती सोय) लावला की मिक्सर बाजूला होतो आणि मेलची 'टुंग'सुद्धा बंद होते. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन रेट हाताने बदलावा लागतो.

दुसरं म्हणजे घूं... असा बारीक हम. चार्जर काढून फक्त बॅटरीवर गाणं लावून बघा. हम गेला तर तो अर्थिंगच्या लूपचा आहे, लॅपटॉपच्या चार्जरमधून येतो आणि यूएसबी केबलमधून ॲम्पपर्यंत पोचतो. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर तिथे काच किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणजे हा लूप तिथेच तुटतो. जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तिथे अर्थिंगचा भरवसा नसतो.

एवढं करून तुमचं काम भागलं तर थांबा, पैसे वाचले. माझं भागलं नाही, कारण लॅपटॉप उघडण्याचा कंटाळा काही सेटिंगने जात नाही.

आता कागद घ्या आणि घरातलं सामान लिहून काढा

ही पायरी मी गाळली आणि पस्तावलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन याद्या करा. एक, तुमची गाणी कुठे आहेत: हार्ड डिस्कवरच्या फायली, सीडी, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब, आकाशवाणी. दोन, तुमच्या डॅकला किंवा ॲम्पला मागच्या बाजूला कोणकोणती भोकं आहेत. टॉर्च घेऊन वाकून बघा आणि फोटो काढून ठेवा.

माझ्या डॅकला फक्त यूएसबी इनपुट होतं. मी मात्र रिव्ह्यू वाचून खुशीत स्ट्रीमर मागवला, खोकं उघडलं, मागे ऑप्टिकल आऊट, कोॲक्स आऊट (डिजिटल आवाज तारेतून नेणारा), लाइन आऊट (थेट ॲम्पसाठी), आणि एक यूएसबीचं पोर्ट जे फक्त करंट घ्यायला. डॅकला जोडायला वाटच नाही. परत करण्यात तीन आठवडे गेले. त्यामुळे हे पक्कं लिहून ठेवा: स्ट्रीमरवर यूएसबी पोर्ट दिसतं याचा अर्थ त्यातून डॅककडे आवाज जातो असा नाही. कुठलं पोर्ट पॉवरचं, कुठलं पेन ड्राइव्हचं आणि कुठलं ऑडिओ आऊटचं हे मॅन्युअल डाउनलोड करून वाचा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं.

सेवांचंही तसंच आहे. टायडल आणि कोबझ या गाण्यांच्या सेवांचं कौतुक परदेशी व्हिडिओत सतत ऐकू येतं, पण त्या भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून स्ट्रीमरचे जास्त पैसे देऊ नका. परदेशात राहणाऱ्या मंडळींचं वेगळं. स्पॉटिफाय असेल तर स्पॉटिफाय कनेक्ट हवंच. यात गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो, फोन नुसता रिमोट, त्यामुळे फोन आला, तुम्ही बोलत बाल्कनीत गेलात तरी गाणं चालू राहतं. ॲपल म्युझिक बहुतेक स्ट्रीमरमध्ये थेट येत नाही, आयफोनवरून एअरप्लेने (ॲपलची बिनवायरीची सोय) पाठवावं लागतं, आणि एअरप्ले आहे की नाही हे त्या त्या मॉडेलचं बघा, एकाच कंपनीच्या स्वस्त मॉडेलमध्ये असतं आणि महागात नसतं असंही होतं. आणि यूट्यूब. आपल्याकडच्या जुन्या मैफलींचं अर्धं भांडार तिथेच आहे, पण साधं यूट्यूब ॲप नुसत्या आवाजाच्या क्रोमकास्ट (फोनवरून गाणं पाठवायची गूगलची सोय) उपकरणावर कास्ट होत नाही, यूट्यूब म्युझिकचं ॲप होतं. बऱ्याच मैफली यूट्यूब म्युझिकमध्ये सर्च केल्या की सापडतात. म्हणजे यूट्यूबवाल्यांनी क्रोमकास्ट असलेला स्ट्रीमर बघावा.

ब्लूटूथवर मात्र सगळा डोलारा उभा करू नका. एसबीसी किंवा एएसी या ब्लूटूथच्या पद्धतींमध्ये आवाज पुन्हा दाबला जातो, फोन खोलीबाहेर गेला की गाणं तुटतं, फोनची रिंगही स्पीकरमधून येते. पाहुण्याला एखादं गाणं लावायचं असेल तेवढ्यापुरतं ठीक.

काय घ्यायचं

माझ्या हिशोबाने तीन वाटा आहेत. तुमच्याकडे डॅक नाही आणि भानगडही नको, तर डॅक आतच असलेला तयार स्ट्रीमर घ्या, लाइन आऊटमधून दोन आरसीए वायरी ॲम्पला, झालं. विम प्रो या वर्गात लोकप्रिय आहे, वर ब्लूसाउंड नोड, त्याच्याही वर केंब्रिज ऑडिओ, नेम, लिन अशी चढती भाजणी आहे. वरच्या किमतीत मोठा स्क्रीन, चांगलं कॅबिनेट, चांगलं ॲप मिळतं, किमतीच्या पटीत आवाज मात्र मिळत नाही.

ऑप्टिकल किंवा कोॲक्स इनपुट असलेला चांगला डॅक आधीच असेल तरी वरचाच स्वस्त स्ट्रीमर घ्या आणि त्याचा डिजिटल आऊट तुमच्या डॅकला द्या.

डॅक फक्त यूएसबीचा असेल, किंवा हाताने काही करायची हौस असेल, तर रास्पबेरी पाय, म्हणजे हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. मी शेवटी इथेच आलो. पाय ४ चा २ जीबीचा बोर्ड गाण्यासाठी भरपूर झाला, उगीच ८ जीबीचा घेऊ नका. त्यावर मूड ऑडिओ, व्होल्युमिओ किंवा पायकोअरप्लेअर यातलं एक सॉफ्टवेअर टाकायचं. मी मूड वापरतो, ते फुकट आहे. रास्पबेरी पाय इमेजरने मेमरी कार्डवर त्या सॉफ्टवेअरची इमेज लिहायची, लिहितानाच त्यात युजरनेम, पासवर्ड आणि वाय-फायची माहिती भरायची, कार्ड पायमध्ये घालून वीज द्यायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि फोनच्या ब्राउझरमध्ये मूड डॉट लोकल टाइप करायचं. स्क्रीन उघडला की ऑडिओच्या सेटिंगमध्ये आऊटपुट म्हणून तुमचा यूएसबी डॅक निवडायचा. बहुतेक डॅकना लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, खोचला की दिसतो.

पायसाठी अडॅप्टर मात्र त्याचाच घ्या, ५.१ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा. फोनचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज कमी पडतं, गाणं अडखळतं आणि माणूस वाय-फायला दोष देत बसतो. दुसरा शत्रू म्हणजे अचानक वीज जाणं, त्याने मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात रोज वीज जाते त्यांनी पाय छोट्या यूपीएसवर ठेवावा आणि सगळं सेट झाल्यावर कार्डची एक कॉपी काढून कपाटात ठेवावी. आमच्याकडे ती कॉपी एकदा कामाला आली, वीस मिनिटांत सगळं पूर्ववत.

गाणी लावून घेणं, म्हणजे खरं काम

लोक याला कंटाळतात, पण महिनाभर रविवारी दोन तास दिलेत तर पुढची वीस वर्षं सुख आहे. सीडी असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने फ्लॅक प्रकारच्या फायलींत रिप करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फ्लॅकमध्ये काहीही गळत नाही, जागा मात्र जवळपास निम्मी लागते. एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी धरा, म्हणजे ४०० सीडी सुद्धा १४० जीबीच्या आसपास, २५६ जीबीच्या एसएसडीत आरामात मावतात. वेव्ह फायलीत ठेवू नका, त्यात नावं-गावं नीट टिकत नाहीत. आणि एमपी३ चं फ्लॅक करू नका, गेलेलं परत येत नाही.

आता टॅग, म्हणजे फायलीच्या आत लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती. लॅपटॉपवर आपण फोल्डर उघडून गाणी शोधतो, स्ट्रीमरचं ॲप मात्र फायलीच्या आतला टॅग वाचतं, आणि आपल्या संगीताचे टॅग म्हणजे गोंधळ. माझ्याकडे पहिल्या दिवशी 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं एक, असे चार वेगवेगळे गायक दिसत होते. एमपी३टॅग नावाचं, विंडोजवर फुकट असलेलं सॉफ्टवेअर घ्या, सगळ्या फायली एकदम सिलेक्ट करून एकच नाव द्या. पं., उ., विदुषी ही आदराची बिरुदं टॅगमधून काढा, नाहीतर यादीत सगळे पंडित 'प'खाली एका रांगेत उभे राहतात आणि मल्लिकार्जुन मन्सूर 'म'खाली सापडत नाहीत. आदर मनात असतोच.

लिपी एकच ठरवा. मी देवनागरी ठेवली, कारण 'किशोरी' असं वाचायला बरं वाटतं आणि फोनवर मराठी कीबोर्ड आता सगळ्यांकडे असतो. पण तुमच्या स्ट्रीमरला छोटा स्क्रीन असेल तर आधी एका फायलीवर करून बघा, काही स्क्रीनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात.

रागाचं काय करायचं, हा प्रश्न इंग्रजी गाइडमध्ये कुठेच सापडत नाही. टॅगमध्ये 'राग' नावाचा वेगळा रकाना करता येतो, पण बहुतेक ॲप तो दाखवत नाहीत. मी फ्लॅकच्या जॉनरमध्ये (गाण्याच्या प्रकाराचा रकाना) दोन नोंदी करतो, एक 'ख्याल' आणि दुसरी 'यमन'. मग जॉनरमध्ये जाऊन यमन दाबलं की घरातले सगळे यमन समोर, किशोरीताईंपासून सतारीपर्यंत. संध्याकाळी पूरिया धनाश्री, सकाळी तोडी, एका बोटावर. नाट्यसंगीत आणि भावगीतांना कंपोझरच्या रकान्यात संगीतकाराचं नाव जरूर भरा, आपल्याकडे गाणं गायकाइतकंच संगीतकाराचं असतं. अल्बम आर्टिस्टचा रकाना रिकामा सोडू नका, नाहीतर बारा गायकांच्या संकलनाचे बारा अल्बम होतात.

फायली कुठे ठेवायच्या

सगळ्यात सोपं म्हणजे एसएसडी थेट स्ट्रीमरच्या यूएसबी पोर्टला लावणं. सगळ्या स्ट्रीमरना ही सोय नसते, आणि असली तरी डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये चालते ते बघा, एक्सफॅट बऱ्याच ठिकाणी चालतं. पायवर चिंता नाही.

दुसरं म्हणजे घरात नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) असेल तर त्यावर. तिसरं, जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत सर्व्हर म्हणून चालू ठेवणं आणि त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर किंवा मिनिमसर्व्हर हे स्ट्रीमरला गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर टाकणं. लिरियन म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, त्यांच्या स्क्वीझबॉक्स या जुन्या स्ट्रीमरच्या काळातला. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स २०१२ मध्ये बंद केला पण लोकांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवलं, आणि मोठ्या लायब्ररीसाठी मला ते आजही फार आवडतं. जुना स्ट्रीमर विंडोजवरचं शेअर केलेलं फोल्डर दाखवत नसेल तर कारण बहुधा एसएमबी १ (विंडोजची फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) हे असतं. तो जुना प्रोटोकॉल २०१७ पासून नव्या विंडोज १० मध्ये सुरक्षेसाठी बंद ठेवलेला असतो. तो परत चालू करू नका, त्यापेक्षा मिनिमसर्व्हर टाका.

नेटवर्क

जमलं तर लॅन केबल टाका, साधी कॅट ६ पुरे, महागड्या ऑडिओ लॅन केबलींच्या नादी लागू नका. केबल जमत नसेल तर वाय-फाय चालतं. सीडीच्या आवाजाला १.४ एमबीपीएस लागतात, २४ बिट १९२ किलोहर्ट्झला न दाबता सुद्धा ९.२ एमबीपीएस, म्हणजे वेग हा प्रश्नच नाही, सिग्नल स्थिर हवा. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ जास्त टिकतं.

फोनला स्ट्रीमर दिसत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त येते. नव्वद टक्के वेळा फोन गेस्ट वाय-फायवर असतो, किंवा केबलवाल्याचा एक राउटर आणि आपला दुसरा अशी दोन नेटवर्कं झालेली असतात. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा. राउटरमध्ये जाऊन स्ट्रीमरचा आयपी पत्ता राखून ठेवा म्हणजे तो रोज बदलणार नाही.

जोडणी आणि सेटिंग्ज

जोडताना ॲम्प बंद ठेवा. कोॲक्ससाठी ७५ ओहमची केबल, ऑप्टिकलच्या टोकावरची प्लास्टिकची बारीक टोपी काढायला विसरू नका, ती राहिली की आवाजच येत नाही आणि तासभर डोकं खाजवत बसावं लागतं.

पुढे ॲम्पला आवाजाची खुंटी असेल तर स्ट्रीमरचा व्हॉल्यूम फिक्स्ड करा, मूडमध्ये फिक्स्ड झिरो डीबी असा पर्याय आहे. पण स्ट्रीमर थेट पॉवर ॲम्पला (आवाजाची खुंटी नसलेला) किंवा ॲक्टिव्ह स्पीकरना (ॲम्प आतच असलेले) जोडत असाल तर फिक्स्ड अजिबात नको! पूर्ण आवाज थेट स्पीकरमध्ये जाईल. तिथे व्हेरिएबल ठेवा, कमाल मर्यादा घाला, आणि पहिलं गाणं अगदी बारीक आवाजात सुरू करा.

मग व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्याच आवाजात आणणं) बंद, ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करणं) बंद, आऊटपुटची मर्यादा तुमचा डॅक घेईल तेवढी. ऑप्टिकलवर काही डॅक ९६ किलोहर्ट्झच्या पुढे घेत नाहीत, तिथे मर्यादा ९६ ला ठेवा म्हणजे मधूनच शांतता पसरणार नाही. खोलीनुसार ईक्यू नंतर हवं तर लावा, त्याला माझा विरोध नाही.

तपासणी

डॅकला आकडे दाखवणारा स्क्रीन किंवा रंग बदलणारा दिवा असेल तर ४४.१ ची एक फाइल आणि ९६ ची एक फाइल पाठोपाठ लावा. आकडा बदलला पाहिजे. दोन्हीला ४८ किंवा दोन्हीला १९२ दिसत असेल तर मध्ये कुठेतरी रूपांतर होतंय, सेटिंग परत बघा.

दुसरी चाचणी आपल्या गाण्याची. बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक केलेले असतात पण गाणं सलग असतं, तबलजी शेवटच्या तिहाईवरून थेट द्रुतच्या समेवर येतो. असा सांधा शोधून लावा, शेवटची वीस सेकंदं ऐका. सम नेमकी पडली तर गॅपलेस चालतंय. तिथे पाव सेकंदाची जरी फट पडली तरी कानाला ठेच लागते. यूपीएनपीने (घरच्या नेटवर्कवरून एका उपकरणातलं गाणं दुसऱ्यावर लावायची पद्धत) बाहेरच्या ॲपमधून गाणी पाठवली की हे बऱ्याचदा बिघडतं, तेव्हा स्ट्रीमरच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा लिरियनवरून लावून बघा. मी तर विकत घेण्याआधी दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन हीच चाचणी घ्या म्हणेन.

घरातल्या बाकीच्यांसाठी

आमच्या आईला सकाळी सहाला अभंग लागतात आणि ती फोनमध्ये ॲप उघडणार नाही. तिच्यासाठी प्रीसेट आहेत. तयार स्ट्रीमरच्या रिमोटवर बऱ्याचदा आकड्यांची बटणं असतात, एकावर अभंगांची प्लेलिस्ट, दोनवर आकाशवाणी, तीनवर नाट्यगीतं असं लावून द्या आणि रिमोटवर मार्करने लिहा. पायला मी बारीक यूएसबी रिमोट रिसीव्हर लावलाय. पहिल्या आठवड्यात ती विचारायची, 'अरे, ते तुझं कॉम्प्युटरचं आधी चालू करावं लागतं का?' आता मी उठायच्या आत घरात अभंग चालू असतात.

लॅपटॉप लगेच विकून टाकू नका. सीडी रिप करायला, टॅग सुधारायला तोच लागतो, आणि सगळ्या गाण्यांची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढायलाही. ती डिस्क स्ट्रीमरशेजारी ठेवू नका, भावाकडे किंवा मित्राकडे ठेवा, सिलिका जेलची एक पुडी घालून झिपच्या पिशवीत, आणि दर दिवाळीला आणून नवीन गाणी चढवा.